ट्रॉलीला मुराळी

परदेशातून टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना, घेऊन गावी परतताना मला वाटलं होतं, आमच्या ट्रॉलीच्या हूकचे नट निष्काळजीपणामुळे ढिले राहत असतील. आल्यावर कळलं, ते ट्रॉलीच रात्री सोडते आणि माहेरी जायला निघते.

तिचं माहेर कृष्णाकाठी. तिकडच्या एका ऊसवाल्याकडून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकत आणली आणि तिच्यावर पाण्याची टाकी बसवली. खिंडीपलीकडच्या वस्तीला पाणी पोचतं ते या एकाच ट्रॉलीनं. आण्णा मात्र नट नुसते हातानं फिरवून सोडायचे.

"हातानं आवळले की फाट्यापतुरच जाती," ते म्हणाले. "सकाळी जाऊन आणायची. पान्यानं आवळले की लांब जाती. जेवढं आवळशील तेवढी तिला ओढ."

"आणि पाणी भरून चालताना सुटली तर?"

"सुटली की गेल्या उन्हाळ्यात. खिंडीत. सगळं पाणी दगडांनी पिलं."

मी वस्तीवर जाऊन आले होते. तिथल्या बायका रिकाम्या घागरी मांडून खिंडीकडे बघत बसतात. हे थांबवायचं म्हणूनच मी परत आले होते. त्या संध्याकाळी मी बोल्टचे आटे घासून साफ केले आणि एकेक नट टप्प्याटप्प्यानं आवळला, ठरलेल्या आकड्याला रेंच कट्कन वाजेपर्यंत.

सकाळी ट्रॉली नव्हती. नट आणि वॉशर ओट्यावर नीट मांडून ठेवलेले होते.

तिसऱ्या दिवशी ती आपली आपण आली. चाकांना नदीचा गाळ, दांड्याला उसाचं पाचट. तोवर वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन खिंड चढत-उतरत होत्या.

ग्रामपंचायतीनं तातडीची सभा लावली. सरपंच हिराक्का कोळेकर यांनी आधी ट्रॉलीची चाकं धुतली का, ते विचारलं.

"नट बरोबर आवळले होते," मी म्हणाले. "हवं तर आकडा तपासा."

"आकडा बरोबरच असणार. थेट नदीपतुर गेली न्हवं?"

"मग ढिले ठेवायचे?"

"आन् वस्तीनं काय दगड चाटायचे?" हिराक्का म्हणाल्या. "अगं, सासुरवाशीण हाय ती. न्यायला कधी मुराळी आला का तिला? माहेरचं माणूस आलं की पोरगी दिवसाउजेडी जाती आन् ठरल्या दिवशी परत येती. कुणी येतच न्हाई, म्हणून ही रातची पळती."

"तिच्या माहेरी आता ट्रॅक्टरच न्हाई," आण्णा म्हणाले. "इकला त्यांनी."



"तुमच्या तिकडं काय रीत आसती गं?" हिराक्कांनी मला विचारलं.

"तिकडे न्यायला कुणी येत नाही. दर दिवाळीला मी विमानतळावर जायचे. माणसं बाहेर येतात त्या दारापाशी उभी राहायचे आणि परत खोलीवर यायचे."

"बया! आन् तुम्ही गेला न्हाईसा?" हिराक्का आण्णांवर घसरल्या.

"ट्रॅक्टर जात न्हाई तिथवर," आण्णा पुटपुटले आणि टोपी काढून तिच्यातच बघत बसले.

त्या रात्री नट हातानंच फिरवले होते. सकाळी ट्रॉली फाट्यावरून आणली. हिराक्कांनी पाठवलेला खण-नारळ मी टाकीच्या कडीला बांधला आणि रेंच हातात घेतला. नट एकामागून एक कट्कन वाजले.

"मुराळी माहेरचा लागतो," आण्णा म्हणाले.

"मी मुराळी म्हणून चालते का, ते तिला ठरवू दे."

मी ट्रॅक्टर सुरू केला. तेव्हा आण्णा मडगार्डवर येऊन बसले.

आवळलेले नट थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचे, असा नियमच आहे. ते मी कृष्णेच्या काठावर तपासायचं ठरवलं, आणि वस्तीचं आजचं पाणी तिथूनच भरून आणायचं.