ऐरावताचा भोंगा

"उद्या दिवस मावळेपर्यंत ह्या धुडानं नांगर ओढला तर ठेवा," राजेश्वरीनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता निकाल दिला, "न्हाईतर परवा सकाळी भंगारवाला येतोय. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी."

गोरक्षनं हातातला घास परत ताटात ठेवला. दुपारचं जेवण तो तिन्हीसांजेला जेवत होता, त्यामुळे तसंही त्याला बोलायला तोंड नव्हतं. राजेश्वरी रोज ओसरीवरून हाका मारायची, फोन लावायची आणि शेवटी ताट झाकून ठेवायची. नवरा शेडमध्ये इंजिनाच्या पोटात डोकं घालून बसलेला. गेली तीन वर्षं या घरात गरम भाकरी फक्त राजेश्वरीनं खाल्ली होती.

"अगं, नांगर ओढनारच की! त्यासाठीच तर कार्यक्रम ठेवलाय."

"मग घाबरता कशाला? खावा."

हे धूड म्हणजे ऐरावत. इंग्रजांच्या काळात घोडेमळ्याच्या काळ्या रानात वाफेवर चालणारं एक अवाढव्य इंजिन नांगरटीला आलं होतं आणि गोरक्षचे आजोबा कोंडीराम त्याच्या भट्टीत लाकडं टाकायच्या कामाला होते. इंजिन पहिल्यांदा फुत्कारलं तेव्हा गावचे बैल दावी तोडून पळाले, ते पार ओढ्यापलीकडं सापडले. ही गोष्ट आजोबांनी नातवाला इतक्या वेळा सांगितली की त्याला दुसरी गोष्टच माहीत नव्हती. पुढे गोरक्षनं वेल्डिंगचं दुकान टाकलं, उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. मग गावाशेजारचा साखर कारखाना बंद पडला, ट्रॉल्यांचं काम आटलं आणि रिकाम्या हातांना आजोबांचं इंजिन आठवलं.

त्यात त्याला दोन साथीदार मिळाले. एक कल्याण सर. चित्रकलेचे शिक्षक म्हणून सावेडीच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी कुठूनसा त्या इंजिनाचा जुना फोटो मिळवला आणि त्यावरून नकाशे काढले. दुसरा छगन, बंद कारखान्यातला फिटर. तीन शहाणे एका शेडमध्ये जमले की जे व्हायचं तेच झालं. माणसापेक्षा उंच चाकं, ताडासारखं धुराडं आणि सरकारी साहेबांनी ठोकून-बजावून पास केलेला बॉयलर असं इंजिन उभं राहिलं. फक्त ते अजून चारचौघांत चाललं नव्हतं.

जेवून गोरक्ष शेडमध्ये परतला तेव्हा छगन इंजिनावर चढून बसला होता.

"भोंगा बसावला!" तो वरूनच ओरडला. "आपल्या कारखान्याचाच हाय. एका भंगारवाल्याकडं धूळ खात पडला हुता, हुडकून आनला. सेफ्टी वॉल्व्हच्या तोंडावरच बसावलाय. वाफ जास्ती झाली की आपोआप वाजंल. आन मनात आलं की वाजवायला ही साखळी."

"वा रं पठ्ठ्या!" गोरक्षनं त्याची पाठ थोपटली. चूक झाली ती इथंच, पण तिची शाबासकी देऊन झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या रानात मांडव सजला. भट्टी पेटवायची ती कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे, उभयतांच्या हस्ते. राजेश्वरी पूजेला बसली, पण तोंड फिरवून. नारळ फुटला, विस्तव पडला, धुराड्यातून काळा धूर निघाला. इंजिनापुढे कल्याण सरांनी लाल फीत बांधली. ती कापायला येणार होते भाऊसाहेब, बंद कारखान्याचे माजी संचालक. फीत कापली की ऐरावत पुढे जाणार, मागं जोडलेला नांगर रान फाडणार आणि गोरक्षचा जीव भांड्यात पडणार, असा सगळा बेत होता.

वाफ तयार झाली. भाऊसाहेब काही तयार झाले नव्हते.

"निघालेतच," कल्याण सर फोन ठेवत म्हणाले. "शिर्डीला दर्शन झालं की थेट इकडेच."

"शिर्डी? आवो सर, मग जेवनाच्या आत येत न्हाईत ते!" गोरक्ष म्हणाला.

वाफेच्या दाबाचा काटा चढत गेला. वॉल्व्ह उघडला आणि भोंगा वाजला.

हा आवाज घोडेमळ्यानं आठ वर्षांनी ऐकला. एके काळी या भोंग्यावर पाच गावांच्या चुली पेटायच्या, शाळा भरायच्या, लग्नाळू पोरांची स्थळं ठरायची. तो बंद झाल्यापासून पंचक्रोशीला वेळ कळत होती ती नुसती मोबाईलवर. आज दसरा. कारखान्याचे बॉयलर पेटायचे तेही दसऱ्याच्याच सुमाराला. माणसांनी घराबाहेर येऊन पाहिलं तर झाडांवरून काळा धूर दिसतोय. मग आणखी कुणाला काय सांगायला हवं होतं?

सगळ्यांत आधी सायकलवरून सहादेव आला. कारखान्यात जन्म गेलेला म्हातारा. अंगात खाकी सदरा, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेला. हँडलला जेवणाचा डबा.

"छगन," त्यानं धापा टाकत विचारलं, "पैली पाळी धरायची का दुसरी?"

छगननं गोरक्षकडं पाहिलं. गोरक्षनं कल्याण सरांकडं पाहिलं. सरांनी फोनकडं पाहिलं. उत्तर द्यायला कुणी तोंड उघडायच्या आत भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

मग मोटारसायकली सुरू झाल्या, आणि प्रत्येकीवर मागं उसाची मोळी. कारखाना सुरू होताना पहिली मोळी ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पडते. ती ज्याच्या रानातली असेल त्याला वर्षभर त्या मोळीचा मान. त्यामुळे भोंगा ऐकल्याबरोबर ज्याला कोयता सापडला त्यानं ऊस तोडला होता. कुणी स्कूटरवर आणला, कुणी रिक्षात घालून. एका आजोबांनी तर नातीच्या सायकलला बांधून आणला होता.

"सरका, सरका! पैली मोळी आमची!"

"तुमची कशी? मी भोंग्याआधीच तोडली, नुसता धूर बघून!"

"छगन, तो भोंगा आधी काढ!" कल्याण सर कानांवर हात ठेवून ओरडले.

"काढू कसा, सर? खाली वाफ हाय. हात शिजत्याल."

"मग विस्तव तरी ओढ बाहेर!"

"न्हाई!" हे मात्र गोरक्ष म्हणाला. विस्तव काढला की वाफ गेली, वाफ गेली की नांगर गेला, आणि उद्या सकाळचा भंगारवाला तर ठरलेलाच होता. "त्यापरीस फीत कापू. इंजिन चालू लागलं की वाफ खर्ची पडंल, भोंगा गप बसंल."

"पाहुण्यांच्या आधी फीत? छे, छे! बरं दिसत नाही ते."

त्यांना बरं दिसेपर्यंत नांगरायचं रान माणसांनी भरून गेलं. आता फीत कापून ऐरावत पुढे घ्यायचा तर थेट लोकांच्या अंगावर. भोंगा वाजायचा, त्यावर माणसं यायची. माणसांमुळे इंजिन हलेना, आणि इंजिन हलेना म्हणून भोंगा पुन्हा वाजायचा. गोरक्षला घाम फुटला, आणि तो काही भट्टीचा नव्हता.

अशात भाऊसाहेबांची पांढरी गाडी वळणावर दिसली. कल्याण सर हार घेऊन पळाले. गाडीची काच खाली झाली. भाऊसाहेबांनी पाहिलं की ज्या कारखान्याचे आपण संचालक होतो त्याचा भोंगा वाजतो आहे, समोर हजारभर सभासद हातात ऊस आणि कोयते घेऊन उभे आहेत आणि त्यातला एक चष्मेवाला आपल्याच दिशेनं धावत येतो आहे. काच वर झाली. गाडी तिथल्या तिथं वळली आणि आली त्याच्या दुप्पट वेगानं गेली. हार सरांच्या हातातच राहिला.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोरक्ष ऐरावताच्या चाकावर चढला.

"मंडळी, ऐका! आवो, कारखाना सुरू न्हाई झाला. हे आमचं इंजिन हाय. हौस म्हनून केलेलं. भोंगा तेवढा आपल्या कारखान्याचा हाय. चुकलं आमचं."

कुणी शिवी दिली असती तरी परवडलं असतं. पण माणसं हातातल्या मोळ्यांकडं पाहू लागली. सहादेव डबा घेऊन मांडवाच्या कडेला खाली बसला.

"मला वाटलंच हुतं," तो कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलला. "पर म्हटलं, जाऊन तर बगू."

भंगारवाला, नांगर, फीत सगळं गोरक्ष विसरला. एवढी माणसं खोट्या आशेनं आणली आपण, आता कोणत्या तोंडानं त्यांना घरी जा म्हणायचं? तो चाकावरून उतरला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"आता पुतळ्यावानी उभं ऱ्हाऊन काय हुनार हाय?"

राजेश्वरी होती. पदर खोचलेला. सकाळपासून ती प्रथमच त्याच्याशी बोलत होती.

"उसाचा ढीग पडलाय. वाफ उतू चाललीय. मांडवात चांगुणाबाईची रसवंती हाय आन तिची मोटार मघाशीच जळलीय. डोकं काय निस्ती टोपी घालायला दिलंय व्हय देवानं?"

गोरक्षनं बायकोकडं पाहिलं, मग ऐरावताच्या बगलेतल्या, जागच्या जागी फिरणाऱ्या भल्यामोठ्या चाकाकडं, मग चांगुणाबाईच्या बंद पडलेल्या चरकाकडं. "छगन!" तो ओरडला, "मळनीयंत्राचा पट्टा आन!"

पट्टा एकीकडून इंजिनाच्या चाकावर चढला, दुसरीकडून चरकाच्या. पण पहिली मोळी कुणाची? पुन्हा गलका सुरू होणार तोच राजेश्वरीनं दोन ऊस उचलले आणि सहादेवच्या हातात दिले.

"मामा, तुमी घाला. डब्यासकट आलेले तुमी एकलेच."

गोरक्षनं दांडा ओढला. ऐरावत हुंकारला, चाक फिरलं, पट्टा सळसळला आणि चरकातून हिरवागार रस असा धो धो आला की चांगुणाबाईनं घाईनं हंडा लावला. त्यानंतर दिवसभर भोंगा एकदाही आपोआप वाजला नाही. वाफेला काम मिळालं होतं. रस पिऊन लोक रांगेत पुन्हा उभे राहात होते. सहादेव चरकाजवळून हलायला तयार नव्हता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "शिस्तीत या, गळीत हंगाम सुरू हाय!" कल्याण सरांनी हातातला हार शेवटी ऐरावतालाच घातला.

दिवस मावळला. शेवटची मोळी संपली, पाणी संपलं, विस्तव विझला. फीत जशीच्या तशी होती आणि नांगर जिथल्या तिथं. गोरक्ष घरी आला, हातपाय धुतले आणि दारातच उभा राहिला.

"नांगर राह्यला," तो म्हणाला. "शब्द म्हंजी शब्द. येऊ दे त्याला सकाळी."

राजेश्वरीनं दोन ताटं वाढली.

सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन खरंच दारात आला. गोरक्ष शेडच्या दाराला पाठ लावून उभा, आजोबांच्या तसबिरीसारखा. राजेश्वरी बाहेर आली.

"वैनी, कुठाय माल?" भंगारवाल्यानं विचारलं.

"माल तुमीच द्यायचाय. कुटल्या बंद गुऱ्हाळाचा चरक हाय का तुमच्याकडं? मोठा बगून सांगा. चांगुणाबाईचा लई लहान पडतो."

भंगारवाला गोरक्षकडं पाहू लागला. गोरक्षलाही आपण नेमके कोणत्या घरात उभे आहोत याची खात्री वाटेना.

आता दर रविवारी ऐरावत पेटतो. सहादेव डबा घेऊन पहिल्या पाळीला हजर असतो. सूर्य डोक्यावर आला की राजेश्वरी शेडमध्ये येते, कुणाला काही न विचारता साखळी धरते आणि खाली ओढते. भोंगा पाच गावांत ऐकू जातो. आता मोळी घेऊन कुणी पळत येत नाही. रानातली माणसं खुरपं खाली ठेवतात, एकमेकांकडं पाहून म्हणतात, "चला, गोरक्षचं ताट वाढलं," आणि आपापली भाकरी सोडायला बसतात.

गोरक्ष तेवढा हातातला पाना टाकून धावत सुटतो. हाक ऐकू आली नाही ही सबब आता पाच गावांत कुणी मानायला तयार नाही.