सेहेचाळीस गोधड्यांची तपासणी

"जोवर हा तानाजी जिवंत हाय, तोवर आफ्रिकेतल्या एकाबी लेकराला थंडी वाजणार न्हाई!"

दिंद्रुडच्या समाजमंदिरात तानाजीरावांनी ही घोषणा केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बोलताना त्यांनी आफ्रिकेच्या दिशेनं बोट उगारलं होतं. ते नेमकं साखर कारखान्याच्या धुराड्याकडं गेलं, पण कुणी हरकत घेतली नाही. आफ्रिका नक्की कुठल्या अंगाला आहे याची तिथं फक्त एकाच बाईला खात्री होती, आणि ती बाई भली होती.

तिचं नाव वनमालाबाई. माहेर दिंद्रुडचं, आयुष्य गेलं अंबाजोगाईत. दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि निवृत्त झाल्यावर तिथल्या छोट्याशा चर्चची सगळी कामं अंगावर घेतली. पूर्वी औरंगाबादला शिकणारा, आफ्रिकेतल्या मलावी देशातला एक विद्यार्थी सुट्टीत अंबाजोगाईला आला आणि तापानं फणफणत तिच्या वॉर्डात दाखल झाला होता. तो पुढं पाद्री झाला. त्यानं आपल्या गावी, उंच डोंगरावर, अनाथ लेकरांचं घर काढलं. जून-जुलैत तिथं हाडं गोठवणारी थंडी पडते. लेकरं सेहेचाळीस आणि घोंगड्या एकोणीस! मग वनमालाबाईंच्या चर्चनं ठरवलं, जहाजानं गोधड्या पाठवायच्या. आणि गोधड्या म्हटल्यावर तिला माहेर आठवलं.

"आफ्रिकेत थंडी आसती का, साहेब?" तानाजीरावांचा उजवा हात गहिनीनाथ कुजबुजला.

"गप बे. किरिस्ती वस्तीत चाळीस मतं हायत," तानाजीराव ओठ न हलवता म्हणाले. "चाळीस मतं असली की थंडी आसती."

कारण तानाजीराव पंचायत समितीला उभे राहणार होते. पक्षानं त्यांना एबी फॉर्म दिला होता. ज्यांनी निवडणूक लढवली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो: हा माणूस आमचाच, असं पक्षानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेला तो कागद. तो नसेल तर उमेदवार म्हणजे वरातीत घोड्याशिवाय आलेला नवरदेव! अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो माजलगावला तहसिलात पोचला पाहिजे. आणि पक्षातल्याच चौघांचा त्या कागदावर डोळा होता. कुणी पळवतं, कुणी फाडतं. एका गड्यानं तर दुसऱ्याचा फॉर्म चावून गिळला म्हणे!

म्हणून आदल्या दुपारी तानाजीरावांनी तो कॅरीबॅगमध्ये गुंडाळून आईच्या हातात दिला. तुळजाबाईनं हातातली गोधडी एका कडेनं उसवली, कागद आत सारला, आणि पोराच्या डोळ्यांदेखत टाके घातले. तिजोरी फोडणारे पुष्कळ असतात, पण म्हातारीची गोधडी फोडणारा चोर अजून जन्मला नाही, असं म्हणून तानाजीराव निर्धास्त झाले.

शेवटच्या दिवशी सकाळी आठला, गावातल्या बायांनी शिवलेल्या गोधड्या गोळा करत चर्चचा टेम्पो दारात आला. फोटोवालाही आला. बायकोनं घरातल्या पाच गोधड्या काढून दिल्या. फोटोवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या हातातबी एक पायजे. हात मोकळे दिसायलेत." तानाजीरावांनी मागं वळून हाताला लागली ती उचलली, कॅमेऱ्याकडं बघत हसले, आणि टेम्पोत दिली.

साडेदहाला मिरवणुकीचा फेटा बांधता बांधता त्यांची नजर आईच्या बाजेवर गेली. बाज उघडी होती. नुसती सुंभं!

"आई कुठाय?"

"पहाटेच्या गाडीनं युसूफ वडगावला गेल्या की, वन्सांकडं," बायको म्हणाली.

"आन् गोधडी?"

"तुमीच दिली की फोटोत!"

तानाजीरावांनी अर्धा बांधलेला फेटा तसाच बाजेवर टाकला. आईला फोन लावला, तर बंद. बॅटरी संपू नये म्हणून तुळजाबाई फोन फक्त स्वतःला बोलायचं असेल तेव्हाच चालू करायची. बहिणीला लावला. ती म्हणाली, "आई बायकांसंगं रानात गेलीय, हुरड्याला. आल्यावर सांगते. कावून रं, आवाज असा कावून येतोय तुजा?"

आवाज कसाही येवो, आता अंबाजोगाई गाठायची होती! गहिनीनाथनं गाडी काढली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हत्तींच्या वरातीसारखी. एकेक ट्रॉली मागं टाकायला पाच पाच मिनिटं. तानाजीराव घड्याळ बघत होते आणि गहिनीनाथ हिशोब सांगत होता, "अंबाजोगाईतून दीडला निघालं तर माजलगावला तीनच्या आत. दीडच्या फुडं काय खरं न्हाई."

"फोटो बघ बे! गोधडी कुठली ती तरी कळंल!"

गहिनीनाथनं एका हातानं मोबाइल दिला. फोटोवाला कलावंत माणूस. त्यानं फोटो असा छाटला होता की तानाजीराव होते, डोक्यावर फेट्यासाठी सोडलेली जागा होती, मागचा पक्षाचा झेंडा होता. फक्त गोधडी नव्हती.

बाराला दहा कमी असताना दोघं चर्चच्या हॉलमध्ये घुसले आणि उंबऱ्यातच थबकले. सगळ्या हॉलभर गोधड्या अंथरलेल्या. हिरव्या, तांबड्या, धोतराच्या, पातळांच्या. प्रत्येकीवर टाचणीनं एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एका लेकराचं नाव. समोर भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर व्हिडिओ कॉलनं थेट मलावी! सेहेचाळीस लेकरं ओळीनं बसलेली आणि मागं उंचेपुरे पास्टर फिरी, वनमालाबाईंचे एकेकाळचे पेशंट. आज लेकरांना आपापली गोधडी दाखवायची होती. चारला पार्सलचा ट्रक येणार होता.

"या या, तानाजीराव!" चर्चच्या बायांमधून वनमालाबाई उठल्या. "तुम्ही स्वतः आलात! शब्दाचे पक्के हो!"

खरं सांगावं तर बातमी तासाभरात पक्षातल्या त्या चौघांपर्यंत जाणार. तानाजीरावांनी घसा साफ केला. "मी... मी तपासणी करायला आलोय. दिंद्रुडचा माल हाय. इज्जतीचा सवाल हाय."

वनमालाबाईंनी ते लेकरांना इंग्रजीत सांगितलं. हे आमच्या गावचे मोठे पुढारी, प्रत्येक गोधडी स्वतः तपासणार आहेत. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

तपासणी सुरू झाली. तानाजीराव गुडघ्यावर बसून गोधड्या चाचपू लागले. ज्या घरात त्यांनी पंचेचाळीस हिवाळे गोधडीत काढले, त्या घरची एकही गोधडी त्यांना ओळखू येईना! माणूस गोधडीच्या आत असतो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, हे त्याचं कारण असावं. चाचपून पण काही लागेना. म्हाताऱ्यांनी आत काय काय कोंबलं होतं! एकीत जीनची पँट अख्खी होती, बटणासकट.

साडेबारा वाजले.

"ब्लेड दे," तानाजीराव दातांतून म्हणाले.

पहिली गोधडी टर्रकन उसवली. पडद्यावरची लेकरं पुढं झुकली. दुसरी उसवली. तिसरीवर चिठ्ठी होती 'थोको'. ब्लेड लागताच पडद्यावर पहिल्या ओळीतल्या एका चिमुरडीनं दोन्ही हात तोंडावर नेले. ती थोको असणार, हे सांगायला दुभाष्याची गरज नव्हती.

वनमालाबाई पडद्याकडं बघून कशाबशा हसल्या. आतून किती टाके आहेत ते साहेब मोजतायत, असं काहीसं इंग्रजीत बोलल्या, आणि खाली वाकून तानाजीरावांचं मनगट धरलं. बत्तीस वर्षं इंजेक्शनला भिऊन पळणारे पेशंट धरलेला हात तो!

"काय चाललंय हे?"

"बाई, हात सोडा, वेळ न्हाई!"

"सहा महिने शिवल्यात बायकांनी! त्या लेकरांच्या तोंडाकडं बघा जरा!"

"आवो लेकरायचं मरू द्या!" तानाजीराव ओरडले. "माजा एबी फॉर्म हाय ह्याच्यात! दीडला निघालो न्हाई तर मी मेलो!"

हॉलमधल्या बायांनी माना वर केल्या. आणि मग पडद्यातून स्वच्छ मराठीत आवाज आला.

"तानाजी काका, फॉर्म कशात गुंडाळलेला आहे?"

तानाजीरावांनी वर पाहिलं. पास्टर फिरी अदबीनं हसत होते.

"ह्यास्नी मराठी येतंय?"

"तीन वर्षं औरंगाबादला काढलीत त्यांनी," वनमालाबाई गार आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला मघाशीच सांगणार होते, पण तुम्ही तपासणीत होता."

म्हणजे 'मरू द्या' पण कळलं होतं! तानाजीरावांना वाटलं, याच गोधड्यांपैकी एखादीत शिरावं आणि वरून शिवून घ्यावं.

"पांढऱ्या," ते पुटपुटले. "पांढऱ्या पिशवीत."

फिरी लेकरांकडं वळून त्यांच्या भाषेत काही बोलले. सेहेचाळीस लेकरांनी हात जोडले, डोळे मिटले. थोकोनं एक डोळा थोडा उघडा ठेवला होता. तिची गोधडी अजून त्या माणसाच्या मांडीवर होती ना!

"काय करायलेत ती?" गहिनीनाथनं विचारलं.

"तुमच्या साहेबांचा कागद सापडावा म्हणून प्रार्थना," वनमालाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला. "ब्लेड ठेवा खाली. बायांनो, कात्र्या काढा! शिवण तेवढी उसवायची, कापडाला चीर पडता कामा नये. छबुबाई, तू त्या कोपऱ्यातनं. चला!"

आणि मग चर्चच्या अकरा बाया, एक पुढारी आणि एक उजवा हात खाली बसून टाके उसवू लागले. कापसाचा भुगा उडू लागला, चिंध्या उडू लागल्या. चोळीची बाही निघाली, शाळेचा निळा शर्ट निघाला, १९९८ सालचा एक टॉवेल निघाला. कागद निघेना! एक वाजला. तीस झाल्या. सव्वा वाजला. अडतीस झाल्या. तानाजीरावांच्या मिरवणुकीतून फोनवर फोन: साहेब, ढोलवाले विचारायलेत! साहेब, घोडा बिथरला! प्रत्येक रिंगला ते दचकत आणि आईचा नंबर नाही हे बघून फोन कापत.

दीड वाजला. त्रेचाळीस.

"साहेब, निघावं लागतंय," गहिनीनाथ म्हणाला.

"तीन ऱ्हायल्यात! गाडी उडवत नेऊ!"

चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळिसावी, शेवटची, तानाजीरावांनी स्वतः उसवली. पडद्यावर लेकरं उभी राहिली होती, फिरी सुद्धा उभे होते. एक थर उलगडला, दुसरा उलगडला, तिसरा उलगडला.

आत तुळजाबाईचं जुनं हिरवं लुगडं होतं. गोधडी घरचीच! आणि कडेला ताजे टाके, कालचे. पण कागद नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. आई!

"आई! फॉर्म कुठाय गं?"

"फारम? हाय की. माज्या कमरंच्या पिशवीत."

"तू गोधडीत शिवलीस ना माज्यापुढं!"

"शिवला की. मग तुज्या भाषणाचं मनावर घेतलं. म्हनलं आपली गोधडी पण लेकरायला द्यावी, चांगली उबदार हाय. रात्री पांघरून बघितली तर त्यो कागद कूस बदलली की कुरकुर वाजायला लागला. म्हनलं, बिन आईबापाचं लेकरू, झोपंत कूस बदलंल आन् दचकून उठंल. म्हनून काढला आन् परत शिवली. पहाटं तुला सांगाया आलते, तर तू आरशापुढं हात नाचवीत व्हतास. 'थांब' म्हनलास. माजी गाडी निघायला लागली व्हती."

"आई, तीन वाजता पायजे त्यो माजलगावला!"

"मग ये की घ्यायला. हुरडा पण हाय."

तानाजीरावांनी घड्याळ बघितलं. एक चाळीस. युसूफ वडगावहून माजलगाव, ट्रॉल्या धरून दोन तास. गहिनीनाथनं गाडीची किल्ली खिशात टाकली. पाच वर्षांची तयारी, चाळीस मतं, ढोल, बिथरलेला घोडा, सगळं म्हातारीच्या कमरेला चुन्याच्या डबीशेजारी शांत बसलं होतं.

"सापडला?" पडद्यावरून फिरींनी विचारलं.

तानाजीरावांनी मांडीवरच्या गोधडीकडं पाहिलं. हिरव्या लुगड्याच्या घडीवर चिठ्ठी तिरकी लटकत होती, 'चिकोंडी'.

"सापडला," ते म्हणाले. "आईपशी होता."

फिरींनी ते लेकरांना सांगितलं आणि मलावीत असा जल्लोष झाला की पडदा हलला. लेकरं एकमेकांना मिठ्या मारू लागली. एका माणसाचा कागद आपल्या प्रार्थनेनं आईपाशी सापडला, याहून चांगली बातमी कुठली! तानाजीरावांनी आयुष्यात इतक्या सभा गाजवल्या, पण असा जयजयकार कधी ऐकला नव्हता. आणि तो ऐकत ते खाली मान घालून बसून राहिले.

हॉलमध्ये सेहेचाळीस गोधड्या पोटं उघडी टाकून पडल्या होत्या. चारला ट्रक येणार होता. अकरा बाया, दोन तास वीस मिनिटं. वनमालाबाईंनी एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा तानाजीरावांकडं, चष्मा वर सरकवला आणि हात पुढं केला. हातात एक मोठी दाभणासारखी सुई होती आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ.

"तानाजीराव, तुम्हाला आता माजलगावची घाई नसेल, तर एक काम कराल का? आमच्यात साठीच्या खाली कुणी नाही हो. एवढा दोरा ओवून द्या."