न टांगलेला सांधा

साळवेकाका माझ्या स्कूटरवर मागे बसले, की दोन्ही पाय रस्त्यापासून चार बोटं वर लोंबकळत ठेवतात. पडलोच तर निदान उभे तरी पडू, हा हिशेब. वेग वीसच्या वर गेला की माझ्या पाठीत बोट टोचतं, "सावकाश घे रं दादा. भरवसा नाय." खुर्चीवर बसायच्या आधी ते तिचे चारही पाय हलवून बघतात. पंख्याखाली तर बसतच नाहीत.

अशा भित्र्या माणसाला मी पडेगावच्या माझ्या वर्कशॉपमध्ये तपासणीला ठेवलं. आम्ही कृत्रिम पाय बनवतो. घोट्याचा सांधा ज्याच्या त्याच्या मापाचा लागतो, म्हणून तो बाहेरून छापून आणतो. हो, हल्ली धातूसुद्धा छापतात. भुकटी थरावर थर वितळवत नेतात. दिसायला सगळे सांधे सारखेच देखणे. पण एका खेपेचे दणकट, तर दुसरीचे कसे निघतील हे छापणाऱ्यालाही सांगता येत नाही.

काका प्रत्येक सांधा कानाशी धरून पान्यानं वाजवतात. मग त्याला ज्वारीची दोन पोती टांगून समोर चहा घेऊन बसतात. चहा संपेपर्यंत टिकला तर पास. मी वैतागायचो. "काका, सोबत सर्टिफिकेट आलंय."

"सर्टिफिकेट कुटं चालतंय? चालतंय ते माणूस."

परवा करमाडच्या एक शिक्षिका नवा पाय न्यायला आल्या. त्यांना शाळेची घाई होती. सांधा खणखणीत वाजलाही होता. "द्या आता," मी म्हणालो.

"च्या संपू द्या, ताई," काका म्हणाले.

टक्.

पोती खाली आदळली. तुटलेल्या धातूच्या आत अनारशासारखी जाळी होती. माझं ऐकलं असतं, तर तो सांधा आता त्यांच्या पायात असता.

काका पांढरेफटक पडले होते. "मागल्या खेपंचे..."

"ते सगळे तुम्हीच टांगले होते की."

"शांताचा नाय टांगला."

शांताकाकू म्हणजे त्यांची बायको, बिडकीनला असते. मळणीयंत्रात तिचा पाय गेला होता.

"लई दिवस वाट बघितली व्हती तिनं. टांगला आन् तुटला असता तर? परत थांब म्हणायला माझी जीभ रेटंना. वाजवला, अन् दिला."

त्यांनी फोन लावला. "जिथं हाईस तिथंच बस. हलू नको. मी येतो."

"या की. च्या ठेवते," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

मी स्कूटर काढली. सवयीनं वीसवरच चालवत होतो. पाठीत बोट टोचलं.

"पळव की रं!"

बिडकीनला काकू दारात उभ्या होत्या, हातात कपबशी घेऊन. काकांनी धावत जाऊन खुर्ची ओढली, चारही पाय हलवून न बघताच काकूंना बसवलं, आणि खाली बसून तिचा तो धातूचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अवो, सोडा की. लोकं बघत्यात," काकू म्हणाल्या.

काकांनी काही हात काढले नाहीत.