धावण्यास हरकत

शहराच्या कडेला शंभर एकरांचं निसर्गउद्यान तयार झालं. आत जाऊन माणसांनी नेमकं काय करायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्यासाठी एक समिती नेमण्यात आली: अध्यक्ष, पक्षीतज्ज्ञ, अभियंता, आणि कागद सांभाळायला उद्यान कार्यालयातल्या कारकूनबाई.

कारकूनबाईंचा या प्रकरणात खाजगी स्वार्थ होता. तो साडेतीन वर्षांचा होता, दोन वेण्यांचा होता, आणि त्याला चालणं मंजूर नव्हतं. दोन खोल्यांत लेक पलंगापासून ओट्यापर्यंत धावायची आणि खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं जायचं. "उद्यान उघडलं की पळ हं, पोटभर," असं आईने तिला सांगून ठेवलं होतं.

नागरिकांची मतं मागवायचं ठरलं. नवा नमुना छापण्यात वेळ गेला असता, म्हणून रस्तारुंदीकरणाचे उरलेले अर्ज वाटले. त्यांत एकच रकाना होता: हरकत.

"साहेब, ज्यांना काही हवंय त्यांनी कुठे लिहायचं?" बाईंनी विचारलं.

"समाधानी माणूस लिहीत बसत नाही हो, बाई," अध्यक्ष म्हणाले. "तो घरी झोपतो."

पंधरवड्यात दोन हजार अर्ज आले. चालणाऱ्यांची सायकलींना हरकत होती, सायकलवाल्यांची चालणाऱ्यांना. पक्षी बघणाऱ्यांची बोलणाऱ्यांना होती, आणि पक्षी बघणाऱ्यांच्याच दुसऱ्या गटाची पहिल्या गटाच्या टोप्यांना. एका आजोबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माझी कशालाच हरकत नाही.' तोही अर्ज हरकतींच्या फाइलला लागला. दुसरी फाइलच नव्हती.

समिती एकेक विषय हातावेगळा करू लागली. खेळणे, नामंजूर. गाणे, नामंजूर. बसण्यावर एकशे चार हरकती निघाल्या, उभं राहण्यावर त्याहून जास्त.

"उभा माणूस घुटमळतो," अभियंता म्हणाले.

"मग आडवा?" पक्षीतज्ज्ञांनी विचारलं.

"त्याला तर उचलावाच लागेल."

बाईंनी धीर केला. "लहान मुलं नुसती धावली तर?"

"लहान म्हणजे?"

"साडेतीन वर्षं."

"वय नको. उंची सांगा," अभियंता म्हणाले आणि त्यांनी पट्टी काढली.

शेवटी कुंपणाबाहेरून बघण्याला मंजुरी मिळाली. पण बघणाऱ्यांमुळे पक्षी बुजतात, असं तज्ज्ञांनी निदर्शनास आणताच तीही स्थगित झाली. पक्ष्यांची मात्र एकही हरकत आलेली नव्हती.

अध्यक्ष हाडाचे वाईट नव्हते. त्यांनी जाहीर सुनावणी बोलावली. सभागृह गच्च भरलं. "प्रत्येकाने आपापली हरकत मागे घ्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी फाटक उघडतो."

टाळ्या कडाडल्या. मग सगळे शेजारच्याकडे बघू लागले.

"घ्या की मागे!"

"वा! आधी तुम्ही."

पहिल्या रांगेतल्या कुत्रेवाल्या बाईंनी कारकूनबाईंना गाठलं. "ताई, तुमचा अर्ज आहे ना कुत्र्यांवर? माझा मुलांवर आहे. दोघी मिळून टाकू सह्या."

कारकूनबाईंनी पेन उघडलं. डोळ्यांपुढे हिरवळीवर दोन वेण्या उडाल्या. मग त्यांच्यामागे एक जीभ काढलेलं कुत्रं दिसलं.

"आधी तुम्ही करा," त्या म्हणाल्या.

"आणि मग तुम्ही नाही केलीत तर?"

दोघींनी एकमेकींकडे बघत, एकाच वेळी पेनांना टोपणं लावली.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. पायात बूट, उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात. "उघडलं, आई?"

"नाही गं राणी." आईने खाली बसून तिचे बूट काढले, इवल्या तळव्यांची पापी घेतली. "लोक फार आडमुठे असतात बघ. एकही मागे हटेल तर शपथ."

तुम्हालाही हे अगदी पटलं असेल. हरकत मागे घेण्याची खिडकी रोज दहा ते पाच उघडी असते. तुमच्या आधी रांगेत कुणीही नाही.