तळ लागस का?

आमच्या शेजारच्या नानांना तुम्ही कधी घरी बोलावलंत, तर एक आधीच सांगून ठेवतो. सोफ्यावर बसलात की गप्पांच्या नादात गाफील राहू नका. बोलता बोलता नाना वाकतात आणि त्यांचा उजवा तळहात, आभाळाकडे तोंड करून, अलगद तुमच्या बुडाखालच्या गादीखाली सरकतो. तुम्ही दचकलात की म्हणतात, "उठू नका, उठू नका. तळ देखस फक्त."

तळ म्हणजे काय, हे मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वजनाने गादी इतकी दबली की माणसाचं हाड खालच्या फळीला भिडायला लागलं, म्हणजे तळ लागला. तळ लागला की रक्त अडतं, कातडी लाल होते आणि पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. गल्लीत त्या जखमांना 'बेडसोल' म्हणतात आणि नानांपुढे तो शब्द कोणी हसत उच्चारत नाही. माझ्याखाली नानांनी हात एकदाच घातला आणि बोटं झटकत बाहेर काढला. "भाऊ, तुम्हाले गादी नको. तुम्हाले पाया भरना पडी." आमची सौभाग्यवती हे वाक्य आल्यागेल्या पाहुण्यांना चहाबरोबर देते.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला धुळ्याला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून नानांना बरोबर नेण्याचा शहाणपणा मीच केला. पोहे आले, मुलगी आली, सगळे गंभीर झाले. आणि मुलीचे वडील एकदम सोफ्यावरून उडाले.

"बसा, बसा," नाना शांतपणे म्हणाले. "तळ लागी गया. सोफा बदला."

मी पोह्यातला शेंगदाणा शोधायला लागलो. तेवढ्यात आतून मुलीच्या आईचा आवाज आला, "मी कधीची हेच सांगतेय, तर माझं कोण ऐकतं!" सोयरीक जमली. सोफाही बदलला.

नानांचा हा हात काही असाच तयार झालेला नाही. पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कापूस चुरगाळून पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे त्यांच्या पत्नी इंदूकाकू अर्धांगवायूने पलंगावर पडल्या, तेव्हा नानांनी अर्थातच कापसाची नवी गादी भरून घेतली. खानदेशात राहून दुसऱ्या कशावर निजणं ही त्यांच्या लेखी बेइमानी होती. पण कापूस बसतो. बसला की बसलाच. काकूंच्या माकडहाडावर लाली दिसली आणि नानांनी आयुष्यभराच्या कापसाशी काडीमोड घेतला.

मग आला मेमरी फोम. दुकानदार म्हणाला, ही गादी अंगाचा आकार लक्षात ठेवते. नाना हाताने दाबून बघत बसले. खड्डा पडला, आणि हात काढल्यावर हळूहळू भरून आला. "कसानी मेमरी?" नाना भडकले. "मानूस उठनं की इसरी जास! यानापेक्षा आपला कापूस बरा, खड्डा तरी जपी ठेवस." तरीही गादी घेतली. पुढे पाण्याची आणली. पण जळगावचा मे महिना त्या गादीने पाहिलेला नव्हता. दुपारी त्यात चहाची पूड टाकली असती, तर गल्लीचा चहा झाला असता.

शेवटी हवेची आली. कापसाच्या बोंडांसारखे फुगे ओळीने, आणि पलंगाला टांगलेला छोटा पंप. एक ओळ फुगते, दुसरी ओसरते. मग उलट. ज्या माणसाला स्वतःला कूस बदलता येत नाही, त्याच्याखाली गादीच कूस बदलते. अर्थात नाना तेवढ्यावर विसंबले नाहीत. ते काकूंना वळवत राहिले आणि गादीखाली हात घालून तळ बघत राहिले. काकूंना फार बोलता यायचं नाही. हात आत आला की त्या एवढंच विचारायच्या, "लागना का?"

"नही लागना," नाना म्हणायचे.

दुसऱ्या घरांतून नवराबायको किती बोलतात, मला माहीत नाही. आमच्याकडे याहून जास्त बोलणं होतं, पण त्यात अर्थ एवढा नसतो.

काकू जाऊन वर्ष उलटलं. फोमची गादी, पाण्याची गादी, नाना मागेल त्याला देतात. हवेची मात्र काकूंच्या पलंगावर तशीच. पंप चालू. रिकाम्या पलंगावर एक ओळ फुगते, दुसरी ओसरते. लाइट गेली की सगळी गल्ली ओट्यावर येते. नाना तेवढे आत जातात.

यंदा आमची आई मोरीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला पाठीवर पडून राहायची शिक्षा मिळाली. नानांनी न सांगता पाण्याची गादी आणून दिली. बायको मला कानात म्हणाली, "ती दुसरी मागा ना." मी म्हणालो, "तूच माग." आम्ही दोघांनीही मागितली नाही.

एका रविवारी नाना आले आणि आईखाली हात घातला. चेहरा उतरला. "तळ लागी गया, माय." आईची टाच आणि माकडहाड लालसर दिसत होतं. मी घाईने म्हणालो, "नाना, आज दुकानं बंद. उद्या उघडली की पहिली हवेची गादी आणतो."

नाना उठून गेले. थोड्या वेळाने फाटक वाजलं. खांद्यावर गुंडाळलेली गादी, बगलेत पंप. घाम पुसत त्यांनी गादी अंथरली, नळ्या जोडल्या आणि आम्ही आईला तिच्यावर घेतलं. पंप गुणगुणायला लागला. नानांनी हात आत सरकवला.

आईला बिचारीला काय ठाऊक! तिने सहज विचारलं, "लागना का रे नाना?"

नानांचा हात तसाच राहिला. पंपाने एक ओळ फुगवली, एक ओसरवली. मी खिडकीकडे बघायला लागलो, कारण खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नही लागना, माय," नाना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "रिकाम्या गादीखाले हात घालो ना भाऊ, काहीच समजत नही. वर वजन पाह्यजे."

तेव्हा मला धुळ्याचा सोफा आठवला. काकू गेल्यानंतर नानांचा हात जिच्या-तिच्याखाली सरकला, त्या गल्लीतल्या सगळ्या खुर्च्या आठवल्या.

आई आता काठी टेकत अंगणात हिंडते, माझ्या बायकोच्या भाजीत मीठ सुचवते. डॉक्टर म्हणाले, गादीची गरज नाही, परत द्या. मी गुंडाळायला गेलो, तर आईने काठी आडवी घातली. दुपारचा चहा झाला की ती कान देऊन बसते. शेजारचं फाटक कुरकुरलं रे कुरकुरलं, की लगबगीने पलंगाकडे जाते, काठी भिंतीला टेकवते आणि आडवी होत मला दटावते,

"नाना ई ऱ्हायना. पंप लाव."