आमच्या घराण्यात आजारानं कोणी गेलेलं नाही

हृदय मिनिटाला सुमारे बहात्तर वेळा काम करतं आणि त्यातल्या एकाही वेळी मालकाला कळवत नाही. सार्वजनिक सेवेत असा नम्रपणा दुसरीकडे आढळत नाही. (बहात्तर हा आकडा मी एका पुस्तकातून घेतला आहे. दुसऱ्या पुस्तकात सत्तर होता. वाचकांनी एकाहत्तर धरायला माझी हरकत नाही.)

माझ्या हृदयानं मात्र गेल्या वर्षी श्रावणात कळवायला सुरुवात केली. मी चौतीस वर्षं एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे कोणी मोठ्यानं बोललं की मी आधी दचकतो आणि मग नोंद करतो. छातीत मासा उलटावा तसं झालं की मी वाचनालयाच्या जुन्या कार्डावर तारीख, वेळ आणि ठोका परत आल्याची वेळ लिहू लागलो. तीन आठवड्यांत एकेचाळीस नोंदी झाल्या. एकही ठोका मुदतीबाहेर राहिला नाही, तरी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा वेळ घेतल्याबद्दल दारातच माफी मागितली.

डॉक्टर संयोगिताबाई वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी पाहिली, चोवीस तास छातीला लावायचं एक यंत्र दिलं आणि एक छापील तक्ता हातात ठेवला. घराण्यात कोण कोण वारलं, नातं काय, वय काय, कारण काय. "काही आजार रक्तातून येतात," त्या म्हणाल्या. "कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर मला ते हवंय. घरी विचारून या."

आमच्या घराण्यात मृत्यूचं कारण हा खासगी विषय नाही. ते ठरवण्याची एक पद्धत आहे. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी सगळी भावकी पुतण्याच्या, म्हणजे अमरसिंहाच्या घरी जमते. वडे, खीर, अळूची भाजी होते, गच्चीवर कावळ्यांसाठी पानं मांडतात आणि कावळा येईपर्यंत माझी थोरली बहीण आक्का गेलेल्यांच्या कथा सांगते. आक्का चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मुरगूडला दिली असली तरी माहेरच्या मृत्यूंचं खातं तिच्याकडेच आहे. दर वर्षी प्रत्येक मृत्यूत थोडी सुधारणा होते. कावळ्यानं उशीर केला तर जास्त होते.

उदाहरणार्थ, आमचे आजोबा पिराजी. माझ्या लहानपणी ते एसटीमागं पळताना गेले होते. मी मॅट्रिकला असताना ती सायकलशी शर्यत झाली. पुढे सायकलचा घोडा झाला, आणि गेल्या तीन वर्षांपासून तो घोडा संस्थानच्या पागेतला आहे.

मी पानावर बसल्या बसल्या तक्ता काढला. असं धाडस मी यापूर्वी केलेलं नाही.

"आक्का, आजोबा कशानं गेले म्हणून लिहू?"

"लिव की. घोड्यासंगं पळाला, घोडं हरलं, आन् जिकल्या जागी गेला."

"म्हणजे काही आजार..."

"आजार?" आक्काचा वड्याचा हात थांबला. "आपल्यात आजारानं कोण गेलंय रं? सगळी धडधाकट गेल्यात."

"आणि उदयसिंहकाका?"

"त्येला पंचगंगेनं मागून घेतला. तसा पवणारा जिल्ह्यात न्हवता." (पूर्वीच्या आवृत्तीत पाणी छातीएवढं होतं. आता महापूर आहे.)

"बायडाबाई आत्या?"

"तिला अंबाबाईनं हाक मारली. पहाटं घड्याळाचा गजर झाला, उठली, हात जोडलं आन् गेली. असं मराण भाग्याला लागतं."

"वय काय होतं तिचं?"

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पंगतीत नवऱ्या मुलाचा पगार विचारला असावा. "वय कशाला मोजाय लागतंय? हात जोडून गेली म्हंटलं न्हवं?"

मी सगळं जसंच्या तसं उतरून घेतलं. तीन पिढ्यांत चौदा नोंदी झाल्या : शौर्य चौसष्ट टक्के, दैवी बोलावणं एकवीस टक्के, दृष्ट चौदा टक्के, आजार शून्य. (बेरीज नव्व्याण्णव येते. उरलेला एक टक्का मी असावा.) वयाचा रकाना कोरा राहिला.

इथं तेजस्वीबद्दल सांगायला हवं. ही आक्काची नात. वय एकोणीस. पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करायला माझ्याकडे राहते. आठशे मीटरची वेळ तिनं माझ्या पुस्तकांच्या कपाटावर खडूनं लिहून ठेवली आहे आणि मी ती पुसलेली नाही. म्हाळाच्या पंधरवडाभर आधी ती मैदानावर शिट्टी वाजल्यावर चार पावलं पळाली आणि कोसळली. मिनिटभरात उठली. आक्कानं मुरगूडहून फोनवर निदान केलं : पोरगी उपाशी पळती.

"दोन अंडी खाऊन गेल्ते की, आण्णा," तेजस्वी मला नंतर हळूच म्हणाली. "छातीत ढोल वाजाय लागला. पण कुणाला सांगू नका हां. आजारी पोरीला भरतीत घेत न्हाईत आन् घरात तर त्याहून न्हाई."

मी सांगितलं नाही. न सांगणं ही माझी जुनी सवय आहे, आणि तिच्यामुळे मी आजवर पुष्कळांना आवडलो आहे.

तक्ता देताना मला फार संकोच झाला. मी घोड्याबद्दल माफी मागितली.

"घोडा राहू दे," संयोगिताबाई तक्ता वाचता वाचता हसून म्हणाल्या. मग त्या हसायच्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. "एक पळताना. एक पोहताना. एक घड्याळाच्या गजरानं. आण्णासाहेब, हे शौर्य नाही. हा एकच आजार आहे. ह्यात हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. माणूस एरवी ठणठणीत असतो. पळताना, पोहताना किंवा दचकल्यावर घात होतो. सध्या घरात कोणी असं पळताना पडलंय?"

तेव्हा पहिल्यांदा माझ्या छातीत काहीच हललं नाही. मी सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "उद्यापासून तिचं पळणं बंद. रक्ताच्या सगळ्यांना घेऊन या."

भावकीची तातडीची बैठक झाली. तीत अमरसिंहानं मूलभूत हरकत घेतली. "म्हंजे पणजा घोड्याला हरवून न्हाय, छातीनं गेला म्हणायचं? मग मी पोरास्नी काय सांगायचं? आमचा पणजा पेशंट हुता?"

यावर चर्चा झाली आणि घोडा कायम ठेवण्याचा ठराव झाला. आजार निघालाच तर तो घोड्यानंतर झाला असं समजण्यात येईल, अशी पुरवणी मीच सुचवली. आयुष्यात माझी मान्य झालेली ही एकमेव सूचना.

तेजस्वी कोपऱ्यात बसली होती. "तपासून घेतलं आन् काय निघालं तर भरती गेलीच की माझी," ती म्हणाली.

आक्कानं तिच्याकडे पाहिलं. "काय निघत न्हाय. मी सोता येतो आन् त्या मशिनीला खोटं पाडतो."

एका टेम्पोतून बावीस माणसं दवाखान्यात गेली. सोबत दशम्या होत्या. निकाल खालीलप्रमाणे लागले :

मी : नॉर्मल. एकेचाळीस नोंदींचं कारण दिवसाला नऊ कप चहा आणि काळजी. अमरसिंह : नॉर्मल. उरलेल्यांपैकी अठरा : नॉर्मल. आक्का : आजार आहे. तेजस्वी : आजार आहे, आणि आक्काहून जास्त.

निकाल जाहीर होताच नॉर्मल आलेल्यांत नाराजी पसरली. "पिराजीचा पणतू मी," अमरसिंह काउंटरवर म्हणाला, "आन् त्येचं रक्त माझ्यात न्हाय व्हय? परत काढा." त्याला परत काढून देण्यात आलं. परत नॉर्मल आलं. सध्या तो गजराशिवायच दचकायचा सराव करतो असं त्याची बायको सांगते.

आक्का तीन दिवस मशीन बिघडलंय म्हणून सांगत होती. चौथ्या दिवशी तिला समजलं, की हे तिच्यात गेली चौऱ्याऐंशी वर्षं आहे आणि त्याचं तिच्यापुढं काही चाललेलं नाही. तेव्हापासून ती गोळी सर्वांसमक्ष घेते.

तेजस्वीला रोज गोळी आहे. धावायला कायमची बंदी आहे. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कपाटावरची वेळ ओल्या फडक्यानं पुसली आणि मला म्हणाली, "आण्णा, बसून द्यायच्या परीक्षांची पुस्तकं कुठल्या कप्प्यात हायत?" मी कप्पा दाखवला.

मी डॉक्टरांच्या तक्त्यात पंधरावी नोंद केली. नाव : तेजस्वी. वय : एकोणीस. स्थिती : जिवंत. कारण : आजार. घराण्यात आजारामुळे काही घडल्याची ही पहिलीच नोंद आहे.

यंदाच्या म्हाळाला कावळ्यानं फार उशीर केला. पंगत बसली तरी आक्का नव्या सुनांना सांगत होती, की तेजस्वीला पोलीस खात्यानं निवडलंच होतं, पण तिनंच त्यांना नको म्हणून कळवलं. पुढल्या वर्षी मोठे साहेब जीप घेऊन दारात येऊन गेलेले असतील. गोळीचा उल्लेख कुठंच नव्हता. मी घसा खाकरला, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि मी आणखी खीर मागितली.

आमच्या घराण्याला हसून झालं असेल तर एक विचारतो. माझा आगाऊपणा माफ करा. हे वाचताना तुम्हालाही तुमच्या घरातलं कोणीतरी आठवलं असणार. एखादा काका, एखादी आत्या. काय माणूस होता, जेवता जेवता कसा गेला, हूं की चूं केलं नाही, सगळ्यांना कसा चटका लावून गेला, हे तुम्हाला तोंडपाठ असेल.

वय किती होतं त्यांचं?