काकाजींची रवण

लाखनीत आमच्या शेजारी राहणारे डोमाजी काकाजी कोंबडीला गोष्टी सांगतात. फाल्गुन लागला की ते खुडूक कोंबडी टोपल्यात अंड्यांवर, म्हणजे रवणीला बसवतात, शेजारी स्टूल टाकतात आणि दुपारभर हलक्या आवाजात बोलत राहतात. आम्ही ओट्यावर खोकलो तरी डोळे वटारतात.

"तिले नाही सांगत जी," त्यांनी मला समजावलं. "आतल्यायले सांगून राह्यलो. बाहेर कसं जग आहे, मालूम नको?"

काकाजी शाळेच्या ग्रंथालयात होते. निवृत्त होताना पुस्तकं ठेवून आले, गोष्टी तेवढ्या घरी आणल्या. चीनकडे म्हणे एक अवाढव्य पुरुष अंड्यात झोपला होता. तो जागा झाला, टरफल फुटलं, वरचं आभाळ झालं आणि खालची जमीन. आणखी कुठल्या थंड मुलखात पाण्यात निजलेल्या बाईच्या गुडघ्यावर बदकानं अंडी घातली. तिनं पाय हलवला, अंडी फुटली, बलकाचा सूर्य झाला. परसात मोहाची फुलं टपटपत असतात, त्या वासानं डोळे जड होतात आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, आपणही अजून आतच आहोत.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याचीही त्यांनी गोष्ट केली आहे. "अंडं फुटलं, पिल्लू गोंदियाकडं पळालं अन् टरफल आपल्याकडं राह्यलं!"

एकच गोष्ट ते नाखुशीनं सांगतात. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गोष्टीतल्या एका पक्ष्यानं सुगंधी डिंकाचं अंडं घडवलं, त्यात आपल्या मेलेल्या बापाला ठेवलं आणि दूर सूर्याच्या देवळात नेलं. "हे काही मले पटत नाही," म्हणत ते स्टूल सरकवतात.

यमुनामावशी, त्यांची बायको, गेल्यापासून काकाजी एकटेच. दर वसंतात पुण्याहून सुधीरचा, त्यांच्या मुलाचा फोन येतो, "बाबा, घ्यायला येतो. आता इकडेच राहा." काकाजींचं उत्तर ठरलेलं, "कोंबडी बसली आहे रे. रवण मोडून कसा येऊ? पिल्लं निघाली की पाहू." पिल्लं काही निघत नाहीत. सुधीरची सुट्टी संपते, आणि अंडी उकिरड्यावर जातात.

यंदा माझ्या बायकोला, निशाला, याचं कोडं सुटलं. काकाजी अंडी दुकानातून आणत होते, पोल्ट्रीची. त्यांतून सात जन्मांत पिल्लू निघायचं नाही. "बिचाऱ्या काकाजींना एवढंही मालूम नाही," असं म्हणून तिनं एकोडीच्या माहेराहून गावरान अंडी आणली, त्यातली पांढरी निवडली आणि काकाजी डुलकी घेत असताना गुपचूप बदलून ठेवली.

पाडवा झाल्यावर एका सकाळी टोपल्यात चिवचिव सुरू झाली. आळीभर आनंद झाला. काकाजी मात्र स्टुलावर मटकन बसले.

"कोणं बदलवली अंडी?"

निशा हसतच म्हणाली, "मीच जी, काकाजी. तुमची तर दुकानातली होती."

"मले मालूम होतं न बाई," ते हळूच म्हणाले. "त्यायच्यात काही नसते, म्हणूनच तर आणत होतो."

काकाजी पिल्लांकडं बघत राहिले. "पोरगा चांगला आहे माहा. सूनही चांगली. पण तिथं यमुनेले कोण ओळखते? इथं दिवसातून कोणी ना कोणी तिचं नाव घेते. यमुनाबाईची विहीर, यमुनाबाईचं लोणचं. तिथं मी एकटाच घेईन. अन् मी गेलो की कोण?"

तेवढ्यात फोन वाजला. सुधीरच होता. चिवचिवाट त्याच्या कानी गेलाच असणार, कारण काकाजी नुसतं "हो... हो, निघाली रे," म्हणाले.

निशानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"सुधीरदादा, काकाजी आता कसे येतीन जी? यंदा घारी बहुत आहेत इकडं. यमुनामावशीच्या कोंबडीची पिल्लं आहेत, कोणाच्या भरोशावर टाकतीन?"

काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला. मी वर पाहिलं. निळ्याभोर आभाळात एकही घार नव्हती.